काकांचं भाषण, पप्पांचं मराठी

आमच्या स्लाऊच्या घरात अमेरिका यायची ती पाकिटातून, आणि ती आली की आई आधी कुकरखालचा गॅस बंद करायची. शिट्टीत प्रल्हादकाकांचं बोलणं बुडायला नको म्हणून. पाकिटात कॅसेट असायची. फोनवर मनासारखं बोलता येत नसे आणि पत्र लिहायचा काकांना भारी कंटाळा, त्यामुळे ते टेक्सासमधल्या आपल्या घरी बसून टेपरेकॉर्डरशी गप्पा मारत आणि इकडे पप्पा, आई आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून त्या ऐकत असू. मग पप्पा त्याच टेबलाशी बसून उत्तराची कॅसेट भरत. परदेशातल्या पुष्कळ मराठी घरांत तेव्हा हे चालायचं. काकांची कॅसेट नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायची: "दादा, वहिनी, सुजे, सगळ्यांना जय भीम." त्यांच्या आवाजामागे त्यांचं घर ऐकू यायचं. गवत कापायचं यंत्र, कुत्रा, ग्लासात पडणारे बर्फाचे खडे. आमच्या घरामागे ट्रेडिंग इस्टेट, म्हणजे कारखान्यांची वसाहत होती. वारा तिकडून आला की चॉकलेटच्या कारखान्याचा गोड, जरासा करपलेला वास खिडकीतून आत शिरायचा. त्यामुळे अमेरिका म्हटली की मला अजूनही तोच वास येतो. बिचाऱ्या टेक्सासचा त्यात काही दोष नाही.

पप्पा हॉस्पिटलात म्हाताऱ्यांच्या वॉर्डाचे डॉक्टर होते. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेली कामं आपल्या लोकांच्या वाट्याला यायची, त्यातलंच हे एक. वर्षानुवर्षं ते त्याच हुद्द्यावर राहिले. कुरकुर त्यांनी कधी केली नाही. ती आई करायची, दोघांच्या वाटची. पप्पांना आयुष्यात अभिमान होता तो एकाच गोष्टीचा, आपल्या धाकट्या भावाचा. आजोबा भुसावळला रेल्वेत गँगमन. रेल्वेच्या लाइनीतल्या एका खोलीत हे दोघे भाऊ वाढले. शाळा रुळांच्या पलीकडे होती. उन्हाळ्यात रुळांमधली खडी तव्यासारखी तापायची आणि प्रल्हादच्या पायात काही नसायचं. पप्पांच्या पायात आजोबांच्या जुन्या टायरच्या वहाणा होत्या, म्हणून ते त्याला खांद्यावर घेऊन सगळं यार्ड ओलांडायचे. पुढे पप्पा शिष्यवृत्तीवर डॉक्टर झाले, काका राखीव जागेवर इंजिनिअर झाले. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर निळ्या कोटातला फोटो होता. या माणसामुळे आपण खुर्चीत बसतो, असं पप्पा आल्यागेल्याला सांगायचे. त्या खुर्चीची स्प्रिंग वर आलेली असल्यामुळे आलागेला जरा जपूनच बसायचा.

खांद्यावरच्या त्या प्रवासाची आठवण काका जवळजवळ प्रत्येक कॅसेटमध्ये काढत. "दादा, आज इथे हंड्रेड अँड फाइव्ह आहे. खडीची आठवण आली बघ." एवढंच म्हणून ते पुढच्या विषयावर जात. पप्पा मात्र तिथे टेप थांबवून थोडी मागे घेत आणि ते वाक्य पुन्हा ऐकत. आम्हाला वाटू नये की मुद्दाम ऐकतायत, म्हणून म्हणत, "आवाज खरखरतोय जरा."

टेक्सासमध्ये स्थिरावल्यावर काका आधी तिथल्या मराठी मंडळात गेले. जाणारच. परदेशात माणूस आपल्या भाषेच्या वासाने कुठेही जातो. गणपतीच्या जेवणात कुणीतरी आडनाव विचारलं, गाव विचारलं, कॉलेज विचारलं, आणि मोदकावर तूप वाढता वाढता हसून म्हणालं, "अच्छा, म्हणजे तुमची सीट त्या कोट्यातली." काकांनी हे कॅसेटवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज इतका सपाट होता की आईने कुणी न सांगता उठून गॅस पुन्हा लावला. ते मंडळात परत गेले नाहीत. त्याच सुमाराला त्यांच्या शेजारी डेल नावाचा एक गोरा राहायला आला. विमा विकायचा, अंगणात मांस भाजायचा आणि कुंपणावरून हाक मारून जेवायला बोलवायचा. प्रल्हादचं पॉल त्यानेच केलं. "दादा," काका त्या कॅसेटमध्ये म्हणाले, "इथे मला कुणी विचारत नाही मी कोणता म्हणून. दे जस्ट डोन्ट केअर. डेल म्हणतो, पॉल, यू आर अ सेल्फ-मेड मॅन. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी असं म्हटलं रे." मला आज वाटतं, आयुष्यभर त्या वाक्याची वाट पाहिलेल्या एका माणसाला ते मिळालं होतं. त्यापुढे कुणाचंही काही चाललं नसतं. माझंही चाललं नसतं.

काही महिन्यांनी कॅसेटची दुसरी बाजूही भरून येऊ लागली. पहिल्या बाजूला घरच्या गोष्टी, दुसऱ्या बाजूला काकांनी रेडिओवरून आणि सभांमधून टेप केलेली भाषणं. एक पाद्री होता, तो कुटुंब या विषयावर बोलताना रडायचा. एक प्रोफेसर होता, तो सरकार हेच खरं दुखणं आहे हे इतक्या मायेने समजावायचा की आईला, जिला इंग्रजी बेताचंच यायचं, तो पोरांना गोष्ट सांगतोय असं वाटलं. कर कमी करा. शाळांत प्रार्थना आणा. बसून खाणाऱ्यांना पोसू नका. ज्याच्यात धमक आहे तो वर येईल, कोणालाही वेगळी जागा नको. डेलच्या गॅरेजमध्ये दर आठवड्याला शेजारीपाजारी जमत, पाकिटं भरत, पत्ते चिकटवत आणि देशभरातल्या अनोळखी घरांना पत्रं धाडत. काका कॉम्प्युटरवाले. त्यांनी पत्ते छापायचं काम कॉम्प्युटरवर बसवून दिलं, तेव्हा गॅरेजमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या. आधी शाळेच्या बोर्डावर आपला माणूस, मग गावात, मग राज्यात. "वी आर इन नो हरी, दादा," काका म्हणायचे. "हळूहळू सगळं आपल्या हातात येणार."

हल्ली टीव्हीवर शहाणी माणसं बसतात आणि एकमेकांना विचारतात की अमेरिकेत हे सगळं अचानक कुठून आलं. मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहते. अचानक? अहो, मी ते भेंडीची भाजी खात खात ऐकत मोठी झाले. बटाटेपोहे, गरम भाकरी आणि टेक्सासचा पाद्री. सगळं एकाच टेबलावर.

पप्पांनी सुरुवातीला दुसरी बाजू हसण्यावारी नेली. "पोरगं नवीन गावात गेलंय, गावकऱ्यांसारखं बोलणार." मग ते कॅसेटवर उत्तरं देऊ लागले. शांतपणे, मुद्दे काढून. त्यांचा बीपर वाजायचा, ते हॉस्पिटलात पळायचे आणि परत आल्यावर अर्धं वाक्य पुरं करायचे. आमच्याकडेही त्याच वाऱ्याचे दिवस होते. त्यांच्या हॉस्पिटलातले वॉर्ड एकामागून एक बंद होत होते आणि म्हाताऱ्यांना कुठे पाठवायचं हे कुणी सांगत नव्हतं. पप्पा ते काकांना सांगायचे. पलीकडून उत्तर यायचं की दादा, तू सिस्टिममध्ये अडकलास, यू शुड हॅव कम हिअर. आणि मग एकदा कॅसेट लावली तर ती "हाय एव्हरीबडी" अशी सुरू झाली. आम्ही थांबलो. पुढे कुठेतरी येईल, पप्पांना वाटलं असेल. दोन्ही बाजू संपल्या. जय भीम आलाच नाही. त्या दिवशी पप्पांनी कॅसेट मागे घेतली नाही.

म्हणूनच काकांनी लंडनला येतो असं कळवलं तेव्हा पप्पा वेड्यासारखे कामाला लागले. जयंती त्याच आठवड्यात होती. स्लाऊ-साऊथॉलकडच्या आमच्या लोकांचा कार्यक्रम चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये व्हायचा. पप्पांनी ठरवलं की यंदाचे प्रमुख वक्ते अमेरिकेचे इंजिनिअर प्रल्हाद. आई म्हणाली, "अहो, कशाला? घरात बसू द्या, जेवू द्या, जाऊ द्या." पप्पा म्हणाले, "तुला समजत नाही. आपल्या लोकांसमोर उभा राहिला ना, की सगळं आठवेल त्याला." त्यांना भाऊ परत हवा होता. बाकी राजकारण, अमेरिका, ते सगळं वर वर. आपल्या माणसांनी भरलेली एक खोली, फोटो, हार, मेणबत्त्या, म्हाताऱ्या बायांच्या पांढऱ्या साड्या, एवढ्याने प्रल्हाद पुन्हा प्रल्हाद होईल यावर त्यांचा विश्वास होता. मीही ठेवला. मी शाळकरी होते आणि पप्पा चुकू शकतात हे मला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

काका आले ते मोठे, गोरटे झालेले, फिकट रंगाचा सूट घालून. पण आईने पहिल्या संध्याकाळी सुकटीची चटणी केली, वांगं गॅसच्या ज्वाळेवर भाजून भरीत केलं, घरभर धूर झाला, आणि काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी, हे तुम्ही आईसारखं केलंत." पप्पांनी माझ्याकडे पाहून अशी भुवई उडवली की बघ, मी सांगितलं नव्हतं? दुसऱ्या दिवशी पप्पा आम्हाला कॅमडेनला घेऊन गेले. टीव्हीवरच्या फोटोतले ते ज्या घरात विद्यार्थी म्हणून राहिले, ते घर. आता तिथे स्मारक आहे, महाराष्ट्राने घेतलंय, लोक बसने येतात. तेव्हा आत भलतंच कोणीतरी राहत होतं आणि आम्ही फुटपाथवर उभं राहून खिडक्यांकडे बघत होतो. काका म्हणाले, "दादा, विचार कर. त्यांना शिकायला पाठवलं ते एका राजाने. प्रायव्हेटली. गव्हर्नमेंटने नाही." पप्पा हसले. "वेड्या, राजा म्हणजेच तिथलं गव्हर्नमेंट होतं." काकाही हसले. पडदा सरकला, आतल्या बाईने आमच्याकडे संशयाने पाहिलं, आणि दोघं भाऊ लहान मुलांसारखे झपाझप पुढे चालू लागले. त्या दिवसातलं हेच एक दृश्य मी कधी कुणाला सांगून बिघडवलं नाही. आज लिहिलं.

आता हॉलची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या कार्यक्रमाला दोन तऱ्हेचे लोक असायचे. पुढच्या रांगांत मुलांकडे येऊन राहिलेल्या म्हाताऱ्या आया, सासवा, त्यांना इंग्रजीचा गंध नाही. आणि बाजूला पाहुणे: हॉलचा पाद्री, माझ्या शाळेच्या एक बाई, आमच्या भागातला एक कौन्सिलर म्हणजे नगरसेवक, त्यांना मराठीचा गंध नाही. आम्ही मुलं आणि आमचे आईबाप दोन्हींच्या मधे. म्हणून वक्ता एका भाषेत एक-दोन वाक्यं बोलायचा, थांबायचा, आणि शेजारी उभा राहून पप्पा ती दुसऱ्या भाषेत सांगायचे. हे काम पप्पांचंच. त्यांचं मराठी शाळामास्तरांसारखं स्वच्छ होतं. वक्ता चांगला असला की म्हाताऱ्या पप्पांच्या मराठीला टाळ्या वाजवायच्या आणि वक्त्याला वाटायचं आपल्याला वाजल्या. काका म्हणाले, मी इंग्रजीतच बोलेन, माझा सब्जेक्ट इंग्रजीत बरा बसतो. पप्पा म्हणाले, बोल ना, मी आहे. टेबलावर त्यांनी आमचा टेपरेकॉर्डर ठेवला, भाषण टेप करून काकांना परत जाताना ती कॅसेट द्यायची म्हणून.

त्रिशरण-पंचशील झालं, गाणी झाली, मागे मोठ्या पातेल्यात खिरीला वेलची पडल्याचा वास आला. काका उभे राहिले. पहिली वाक्यं साधी होती, भुसावळ, गरिबी, शाळा. पप्पा ती आनंदाने मराठीत सांगत होते. मग काका म्हणाले की मला घडवलं ते माझ्या कष्टांनी. मी कधी सरकारकडे पाहिलं नाही आणि कुणीच पाहू नये. पप्पा किंचित थांबले आणि म्हणाले, "प्रल्हाद म्हणतो, आपण कष्ट केले. आपण कुणापुढे हात पसरला नाही, आपण हक्क मागितला." टाळ्या. मला वाटलं, पप्पांनी थोडं सजवलं. काकांनी मान वळवून पाहिलं, पण पुढे गेले. ते म्हणाले, ज्या दिवशी माणसाला वेगळी जागा देतात त्या दिवशी तो कायमचा लहान होतो. माझ्या नव्या देशात मी आणि माझे मित्र अशा सगळ्या जागा बंद करण्यासाठी काम करतोय, आणि आम्ही जिंकणार आहोत. कौन्सिलरने मान डोलावली. मी पप्पांकडे बघितलं. ते पेल्यातलं पाणी प्यायले. आणि मग अगदी स्वच्छ आवाजात, एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाले, "प्रल्हाद म्हणतो, मी ज्या दारातून आत आलो ते दार माझ्यामागे बंद होऊ नये, म्हणून मी तिकडेही झटतोय. तिकडच्या काळ्या लोकांसाठी झटतोय. आणि आपण जिंकणार." पुढच्या रांगांत असा कडकडाट झाला की पाद्री दचकला. दोन्ही भाषा कळणारे सगळे, डॉक्टर, इंजिनिअर, एकेक जण आपापल्या बुटांकडे बघू लागला. कुणी उठलं नाही.

काकांना मराठी कळत होतं. त्यांची तीच तर भाषा. ते ओठ आवळून उभे होते आणि मला वाटलं आता ते मराठीत सुरू करतील, आता सगळं फुटेल. पण काका हट्टी होते. त्यांनी पप्पांकडे सरळ बघत शेवटचं सांगितलं, मोठ्या आवाजात, जणू त्यांच्यासाठीच: "नोबडी कॅरिड मी." मला कुणी उचलून आणलं नाही. मी चालत आलो.

हॉलमध्ये खुर्च्या करकरत होत्या, मागे पातेल्यात पळी हलत होती, आणि पप्पा आपल्या भावाकडे असे बघत होते की मला उठून त्यांचा हात धरावासा वाटला. मी उठले नाही. मग ते पुढच्या रांगेकडे वळले. "प्रल्हाद म्हणतो," ते म्हणाले, आणि आवाज फुटला म्हणून पुन्हा सुरू केलं, "प्रल्हाद म्हणतो, माझ्या पायात काही नव्हतं. माझ्या माणसांनी मला खांद्यावर घेऊन आणलं. ते मी विसरणार नाही. जय भीम." सगळा हॉल उभा राहिला. म्हाताऱ्या रडत होत्या. पाहुणेही उठून टाळ्या वाजवत होते, त्यांनी ऐकलेल्या भाषणाला. एकाच वेळी दोन भाषणांना टाळ्या पडल्या आणि दोन्ही माणसं त्या घेत तिथे उभी होती.

मग सरूआजी पुढे आल्या. सगळ्यांत वयस्कर, नांदेडहून लेकाकडे आलेल्या. त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "लेकरा, एवढा मोठा झालास, तरी आपल्या माणसांना विसरला नाहीस." मला वाटलं आता सांगतील. ते म्हणाले, "हो आजी." आणि खिरीची वाटी घेतली. मेश्रामकाका, पप्पांचे हॉस्पिटलातले मित्र, जाता जाता पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाषांतर छान केलंस, भगवान." टोमणा होता की सांत्वन, ते मला आजही कळलेलं नाही.

घरी येताना गाडीत, घराच्या वळणावर काका म्हणाले, "दादा, तू ते करायला नको होतंस. मी जे बोललो ते मनापासून बोललो."

"मीही," पप्पा म्हणाले.

एवढंच. मी नंतर पुष्कळ घरांतली भांडणं ऐकली, भांडी फुटलेली, दारं आपटलेली. माझ्या घरातलं भांडण एका शब्दाचं होतं. सकाळी काका गेले. आईने सोबत सुकट बांधून दिली होती, ती पायपुसण्याजवळच्या स्टुलावर राहून गेली. विसरली की ठेवली, यावर आई आणि पप्पा पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. भाषणाची कॅसेट पप्पांनी काकांना दिलीच नाही. पुढे काकांकडून कॅसेट येईनाशी झाली. नाताळला छापील कार्ड यायचं, त्यावर काका, काकू, मुलगा आणि झेंडा. पप्पा एकटेच टेबलाशी बसून कॅसेट भरत, पहिल्या बाजूला, "प्रल्हाद, जय भीम," आणि मग काही सुचेनासं झालं की यंत्र बंद करत. हळूहळू तेही थांबलं.

शेवटच्या वर्षांत पप्पा स्वतःच म्हाताऱ्यांच्या वॉर्डात होते. डोकं विरत चाललं होतं. नर्सना ते एकच गोष्ट सांगायचे, माझा भाऊ अमेरिकेत मोठा माणूस आहे, त्याने भरल्या सभेत सांगितलं की मला दादाने खांद्यावरून आणलं. त्यांनी स्वतः रचलेलं वाक्य त्यांना खरं वाटत होतं. मी दुरुस्त केलं नाही. कुणासाठी करायचं? पप्पा गेले तेव्हा काका आले नाहीत, फुलं आली. पुढे एकदा फोनवर मी धीर करून त्या दिवसाचा विषय काढला. काका म्हणाले, "तुझ्या पप्पांनी मला आयुष्यात एकदा तरी माझ्या तोंडाने बोलू द्यायचं होतं, सुजे." आणि मला वाटलं, हेही खरंच आहे. दोघंही खरे होते आणि त्याचा कुणालाही उपयोग झाला नाही.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. डेलच्या गॅरेजमध्ये जे सुरू झालं होतं ते जिंकलं, अगदी काका म्हणाले होते तसं, हळूहळू, सगळीकडे. तिथल्या काळ्यांसाठीच्या त्या वेगळ्या जागा गेल्या. आता तिथल्या सभांत लोक ओरडतात की या बाहेरून आलेल्यांना परत पाठवा. काकांचा मुलगा नील त्याच चळवळीत मोठ्या पदावर आहे, पहिल्या रांगेत बसतो. मी त्याला विचारलं, तुला हे ऐकून काही वाटत नाही का रे? तो म्हणाला, सुजाताई, ते आपल्याबद्दल नाही बोलत. पप्पांच्या वॉर्डातले पेशंट असंच म्हणायचे, शेजारची खाट रिकामी झाली की.

नीलला मराठी येत नाही. तो इंग्रजीतच बोलतो. मी इथे मराठीत लिहिते, आमच्या घराला भाषांतराची सवयच आहे. त्यांच्या संघटनेच्या जेवणात काकांच्या स्मरणार्थ काही ऐकवायचं होतं. नीलने विचारलं, डॅडींचा जुना आवाज आहे का तुझ्याकडे? होता. हॉलमधल्या टेबलावरच्या टेपरेकॉर्डरची ती कॅसेट पप्पांच्या कपाटातून माझ्या कपाटात आली होती. मी ती कॉम्प्युटरवर घेऊन पाठवली. का पाठवली? मला वाटलं असेल, निदान त्या हॉलमध्ये, टेक्सासमधल्या त्या माणसांसमोर, पप्पांचा आवाज एकदा वाजेल. कोणाला कळणार नाही, पण वाजेल.

दोन दिवसांनी नीलचा फोन आला. खूश होता. डॅडी किती पुढचं बघत होते, ताई! सगळं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. मग म्हणाला, "आणि मधे मधे तो दुसरा माणूस बोलतो तो कोण?"

"तुझे मोठे काका. माझे पप्पा."

"ते काय म्हणतायत?"

खिडकी उघडी होती. वारा इस्टेटकडून येत होता. मी सांगू शकले असते. एकेक वाक्य, पप्पांसारखं, शब्द वेगळे ठेवत. नील ऐकून घेईल, मग म्हणेल, सो अंकल लाइड. एवढंच उरेल. पप्पांचं सगळं आयुष्य आणि त्याच्यापुढे तो एक शब्द.

"तेच," मी म्हटलं. "तुझे डॅडी जे म्हणतायत तेच. मराठीत."

"ओह. मग ते काढून टाकू का? उगाच रिपीट होतंय. लोक कंटाळतील."

"काढ," मी म्हटलं.

काल त्याने तयार झालेली फाइल पाठवली. मी स्वयंपाकघरात बसून ऐकली. काम अगदी सफाईदार झालंय, कुठे सांधा दिसत नाही. काकांचा तरुण आवाज, हॉलमधली खुर्च्यांची करकर, मागे पळीचा आवाज. पप्पा कुठेच नाहीत. पण टाळ्या मात्र नीलने ठेवल्यात. काका म्हणतात, आम्ही त्या सगळ्या जागा बंद करणार आहोत, आणि लगेच सरूआजी आणि त्यांच्या शेजारच्या सगळ्या पांढऱ्या साड्या जीव तोडून टाळ्या वाजवतात. काका म्हणतात, मला कुणी उचलून आणलं नाही, आणि सगळा हॉल उभा राहतो.